मिजेटच्या पाठीवर स्टेपनी

माझ्याकडे 1968 सालची एमजी मिजेट आहे. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली ही 1275 सीसी इंजिनाची, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी असून आजकाल रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरशी तिचे नाते केवळ बिल्ल्यापुरते आहे. मिजेटचे वजन सुमारे 700 किलो, इंजिनाची ताकद 65 अश्वशक्ती आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर 2.03 मीटर. एवढ्या छोट्या गाडीची डिकी केवढी असणार हे सांगायला नको. आणि त्या डिकीच्या तळाशी स्टेपनी आडवी ठेवलेली असते. स्टेपनीच्या वर एक मऊ पिशवी, बाजूला जॅक आणि पाने ठेवले की डिकी भरली.

ठाण्यात सकाळी एखादी चक्कर मारून परत यायचे असेल तर यात काही अडत नाही. अडते ते पुण्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचे असेल तेव्हा. इतकी जुनी गाडी घेऊन घाट चढायचा म्हणजे फॅन बेल्ट, पेट्रोलचा रबरी पाइप, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि कंडेन्सर, कूलंटचा कॅन, हत्यारांची पेटी एवढे सामान बरोबर लागतेच आणि शिवाय दोन माणसांचे कपडे असतात. स्टेपनी घरी ठेवून जाण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. जुलै 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलाने लहान गाड्यांना स्टेपनीशिवाय चालवण्याची मुभा मिळाली हे खरे आहे, पण ती ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी असलेल्या गाड्यांसाठी आहे. माझ्या गाडीच्या चाकांत अजून ट्यूब आहे. खोपोलीच्या अलीकडे ट्यूब फुटली तर उपाय एकच, आणि तो आपल्याबरोबर असावा लागतो.

म्हणून स्टेपनी डिकीबाहेर काढून गाडीच्या मागे कॅरिअरवर न्यायची असे ठरले. मात्र हा कॅरिअर प्रवासापुरताच बसवता यावा आणि काढल्यावर गाडीवर त्याची खूण राहू नये, ही अट मी पहिल्याच दिवशी घातली. ती केवळ हौशीपोटी नव्हती. 2021 साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम आले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरण्यासाठी ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, असे म्हटले आहे. चार भोके म्हणजे मोठा फेरफार नव्हे असा युक्तिवाद करता येईल, पण तो आरटीओच्या खिडकीपाशी उभे राहून करण्याची माझी इच्छा नाही. शिवाय मिजेटला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो आणि मागच्या पॅनलचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. त्याला भोक पाडून तिथे चाक लटकवले की भोकाच्या कडेपासून चीर निघायला वेळ लागत नाही, आणि आपल्या दमट हवेत अशा चिरेत गंज शिरला की तो आतून पसरतो.

डिकीच्या झाकणावर बसणारे सामानाचे रॅक या गाड्यांसाठी त्या काळीही मिळत असत. तो पर्याय मी लवकरच सोडून दिला. झाकण पातळ पत्र्याचे आहे. त्यावर हलकी बॅग ठीक, पण ट्यूबसह जवळजवळ 12 किलो वजनाचे चाक नव्हे. प्रत्येक वेळी डिकी उघडताना झाकणाबरोबर ते चाकही उचलावे लागणार आणि खड्ड्यांतल्या प्रत्येक हिसक्याला बिजागऱ्या ते वजन सोसणार, हे मला पटणारे नव्हते.

राहिली एकच जागा, ती म्हणजे मागच्या बंपरचे ब्रॅकेट. बंपर ज्या बोल्टांनी बॉडीला जखडलेला असतो, तिथे बॉडी मुळातच मजबूत केलेली असते. त्याच बोल्टांखाली दोन जाड पोलादी पट्ट्या घालून त्या बंपर आणि पॅनल यांच्यामधल्या फटीतून वर आणायच्या आणि कॅरिअरची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकायची, असा आराखडा मी मनाशी धरला. नवीन भोक एकही नाही, आणि पट्ट्या काढल्या की बंपर पुन्हा पूर्वीसारखा.

चाक उभे धरायचे की आडवे, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. मागच्या पॅनलवर मधोमध नंबर प्लेट आहे आणि पेट्रोल भरण्याचे झाकणही त्याच पॅनलवर आहे. प्लेट झाकली जाऊन चालत नाही, म्हणजे चाक उभे धरायचे तर ते प्लेटच्या वर धरावे लागते. 145/80 आर13 या टायरचा बाहेरचा व्यास हिशेबाने 56 सेंटिमीटर भरतो. (वॅगनआरच्या कृपेने हा आकार ठाण्यात सहज मिळतो, ही या गाडीच्या मालकाला मिळालेली दुर्मीळ सवलत आहे.) एवढे चाक प्लेटच्या वर उभे केले की आधीच जमिनीलगत बसलेल्या चालकाला आरशात टायरशिवाय काही दिसत नाही. त्याउलट ते झाकणाच्या उताराला समांतर, झाकणापासून चार बोटे वर, पुढे कललेले ठेवले तर आरसा बऱ्यापैकी मोकळा राहतो, प्लेट दिसते आणि पेट्रोलच्या झाकणाला धक्का लागत नाही. पण मग डिकी उघडत नाही.

यावर उपाय म्हणजे कॅरिअर बुंध्याशी वळता करणे. प्रवासात तो पुढे कललेला राहील आणि डिकी उघडायची झाली की एक पिन काढून तो मागे उभा करता येईल. त्यासाठी प्रत्येक बाजूला पोलादी पट्टीचे दोन कान, त्या दोन कानांमध्ये कॅरिअरचा पाय, आणि त्यांतून आरपार जाणाऱ्या दोन पिना अशी रचना ठरली. खालची पिन बिजागरीची, वरची कुलपाची. दोन्ही पिना काढल्या की अख्खा सांगाडा उचलून बाजूला ठेवायचा.

सांगाडा मागे किती वळावा लागेल हे काढताना झाकणाच्या चालीचा विचार करावा लागला. झाकणाच्या बिजागऱ्या पुढे, आसनांच्या बाजूला आणि उंचावर आहेत, आणि तिथून झाकण मागे उतरत येते. त्यामुळे ते उघडताना त्याची मागची कड सरळ वर जात नाही. आधी ती थोडी मागे सरकते, बिजागरीच्या पातळीला आली की सर्वांत जास्त मागे असते आणि तिथून पुढे वळते. ही सरकण मी डोळ्यांनी ओळखण्याच्या भानगडीत पडलो नाही. गाडीशेजारी पुठ्ठ्याचा मोठा तुकडा उभा करून, कडेला पेन्सिल चिकटवून झाकण सावकाश उघडले आणि जो कमानदार उतारा पुठ्ठ्यावर उमटला तोच कॅरिअर बनवून देणाऱ्या वेल्डिंगच्या मिस्त्रींकडे नेला. सरकण दोन सेंटिमीटरच्या आत होती. पण हात घालून डिकीची मूठ फिरवता यावी, पिशवी आत सरकवता यावी आणि हाताची बोटे टायरला घासू नयेत एवढी जागा हवी, म्हणून सांगाडा उभ्या रेषेच्याही थोडा पलीकडे, मागे झुकेल असे ठरवले आणि त्या स्थितीत तो स्थिर राहण्यासाठी कानांना तिसरे भोक ठेवले. कुलपाची पिनच काढून त्या भोकात घालायची.

मिस्त्रींचा गाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. एरवी त्यांचे काम ग्रिल, शेड आणि यंत्रांच्या स्टँडचे. पण हात स्वच्छ आणि मापाला पक्के. त्यांनी माझे रेखाटन आणि पुठ्ठा पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, एवढं कशाला? मागच्या पॅनलला चार होलं मारू, आतून पट्टी देऊ, विषय संपला." मी माझी अट सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले, पण वेल्डिंगचा विषय निघाला तेव्हा अट घालण्याची पाळी त्यांची होती. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच आहे हे पाहून त्यांनी स्पष्ट सांगितले, "गाडीवर एक टाकापण मारणार नाही मी. टॅक मारायचा तर बाहेर." त्यामुळे आम्ही आधी लाकडी फळीवर बंपरच्या बोल्टांची अंतरे आणि उंची जशीच्या तशी उतरवून घेतली, दोन्ही बाजूंचे कान त्या फळीवर जखडले आणि सांगाडा तिथेच जोडला. गाडी गाळ्याबाहेर उभी होती आणि वेल्डिंग आत चालू होते.

फळीवरची मापे घेताना लक्षात आले की डावा आणि उजवा ब्रॅकेट एका पातळीत नाहीत. काही मिलिमीटरचा फरक आहे. अर्धशतकाहून जुन्या गाडीत हे व्हायचेच. एका बाजूच्या कानांची भोके तेवढ्या हिशेबाने वर घेतली, कारण सांगाडा सरळ आणि बिजागरी तिरकी असेल तर पिना दर वेळी हातोडीने ठोकाव्या लागतात, आणि ठोकून घालाव्या लागणाऱ्या पिना रस्त्यात कोणी काढत नाही.

सांगाड्यासाठी 25 मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप वापरला. चाक आणि सांगाडा मिळून वजन सुमारे 17 किलो; चाकाचा मध्य बिजागरीच्या पुढे सुमारे 20 सेंटिमीटर. खड्ड्यात हिसका बसला की हे वजन तिप्पट झाले असे धरले, तर दोन पायांवर मिळून सुमारे 100 न्यूटन-मीटरचा वाक येतो आणि प्रत्येक पाइपमध्ये दर चौरस मिलिमीटरला 40 न्यूटनपेक्षा कमी ताण. साधे पोलाद 250च्या आसपास वाकू लागते. म्हणजे पाइप वाकण्याची भीती नाही. भीती असलीच तर वेल्डिंगच्या कडेला, वारंवार बसणाऱ्या हिसक्यांनी पोलाद थकून तडकण्याची. त्यासाठी पाय जिथे आडव्या पाइपला मिळतात, तिथे त्रिकोणी पट्ट्या दिल्या आणि वेल्ड त्या पट्टीच्या टोकाशी एकदम न संपवता वळवून घेतला. पाइपची उघडी तोंडे बंद केली, पण सर्वांत खालच्या जागी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक ठेवले. पावसाळ्यात बंद पाइपात साचलेले पाणी बाहेरच्या पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

चाक धरणाऱ्या प्लेटबद्दल मात्र सावध राहावे लागते. मिजेटचे चाक चार स्टडवर, म्हणजे नट चढवायच्या आटेदार खुंटांवर बसते आणि ते चार इंच व्यासाच्या वर्तुळावर, म्हणजे 101.6 मिलिमीटरवर असतात. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांचे हेच माप 100 मिलिमीटर आहे. बाजारात तयार मिळणारी 100ची प्लेट डोळ्यांना अगदी तंतोतंत वाटते आणि नट पिळून पिळून बसवताही येतात. पण तसे केले की नटाचा शंकू रिमच्या भोकात एका बाजूलाच टेकतो आणि थोड्या प्रवासात सैल होतो. म्हणून प्लेट कापून घेतली, चार इंचांवरच भोके पाडली आणि स्टडही गाडीच्या हबवर असतात तसेच 3/8 इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे लावले, म्हणजे रस्त्यात चाक बदलताना एकच पाना पुरतो.

इंची आट्यांचा प्रश्न बंपरच्या बोल्टांनाही होताच. कानांच्या पट्ट्यांची पाच मिलिमीटर जाडी मध्ये आल्यामुळे मूळ बोल्ट आखूड पडत होते आणि त्यांच्यापेक्षा किंचित लांब यूएनएफ बोल्ट हवे होते. ठाण्यात हार्डवेअरच्या दुकानांत मिलिमीटरचेच बोल्ट मिळतात. 5/16 इंची बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट यांच्या जाडीत केसाएवढा फरक असतो, आटे मात्र वेगळे. एक दुसऱ्यात दोन फेरे सहज जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला आटे खाऊ लागतो. दुकानदार "बसतंय की" म्हणेल, पण त्याच्या नादी लागू नये. मी मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन आलो. तिथे यूएनएफ म्हटल्यावर कोणी भुवई उंचावत नाही, आणि बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणा पाहून मजबुतीचा दर्जा सांगणारी माणसे अजून गल्ल्यावर बसलेली आहेत. बोल्टांबरोबर नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणारे) नट आणि जाड वॉशर घेतले. कानांच्या पट्ट्या आणि बॉडी यांच्यामध्ये पातळ रबरी पत्र्याचे तुकडे घातले, जेणेकरून रंग सोलवटणार नाही.

सगळे जुळल्यावर सांगाडा काळ्या पावडर कोटिंगसाठी दिला. पिनांच्या भोकांत सिलिकॉनची बुचे घालून मगच कोटिंग करायला सांगावे लागते, नाहीतर भोकाच्या आत थर बसतो, पिन अडकते आणि कानस घेऊन बसावे लागते.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि माझ्या मेहुण्याने केले. एका वेळी एकाच बाजूचे बोल्ट काढायचे, दुसरी बाजू हलवायची नाही, म्हणजे बंपर लोंबकळत नाही आणि पॅनलवर ओरखडा उठत नाही. कान आधी हाताने सैलसर लावले, सांगाडा पिनांवर चढवला, तो विनासायास पुढे-मागे वळतो याची खात्री केली आणि मगच बोल्ट आवळले. हा क्रम उलटा केला तर कान ज्या कोनात आवळले जातात तोच पक्का होतो आणि पिना भांडू लागतात.

खरी परीक्षा घोडबंदर रोडवर झाली. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा तो रस्ता, मेट्रोची कामे, सेवारस्त्यांवरचे चढउतार आणि पेव्हर ब्लॉक यांमुळे कॅरिअर तपासायला इतका अनुकूल आहे, की मुद्दाम असा रस्ता बांधायचा म्हटले तरी जमणार नाही. चाक जागचे हलले नाही, पण प्रत्येक खड्ड्याला मागून टक्क असा आवाज येत होता. कारण उघड होते. पिन आणि भोक यांच्यात घालता-काढता येण्यापुरती ढिलाई ठेवावीच लागते. दोन पिनांमधले अंतर सहा सेंटिमीटर आणि चाकाची वरची कड त्यांच्यापासून अर्धा मीटर लांब, म्हणजे पिनेजवळची पाव मिलिमीटरची ढिलाई तिथे दोन मिलिमीटर होऊन दिसते. आवाजाचा त्रास एकवेळ सोसता येईल, पण रोजच्या ठोक्यांनी भोके लांबट होत जातील हे जास्त वाईट. मिस्त्रींनी प्रत्येक जोडीतल्या बाहेरच्या कानावर एक नट वेल्ड केला आणि त्यातून पायाच्या पाइपवर दाबणारा, हाताने फिरवता येणारा बोल्ट दिला. टोकाला नायलॉनचा तुकडा बसवला. पिन घातली की तो बोल्ट हाताने घट्ट करायचा, एवढेच. आवाज पूर्ण थांबला.

वजनाचा परिणाम किती जाणवेल याची शंका मला होती, कारण हलक्या गाडीच्या मागच्या टोकाला लावलेला प्रत्येक किलो वळणावर आपले अस्तित्व दाखवतो. हिशेब असा, की स्टेपनी डिकीत असताना तिचा मध्य मागच्या ॲक्सलच्या साधारण अर्धा मीटर मागे होता आणि त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार सुमारे तीन किलोने कमी होत होता. कॅरिअरवर चाक पुढे कललेले असल्यामुळे तो मध्य फार तर 15 सेंटिमीटर मागे गेला. सांगाड्याचे वजन धरूनही पुढचा भार आता साडेपाच किलोच्या आसपास कमी होतो. चाक वर गेल्यामुळे सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य जवळजवळ एक सेंटिमीटर उंचावतो. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर पहाटे, वेगमर्यादेत राहूनच, मी हे दोन्ही प्रकारे चालवून पाहिले. स्टिअरिंगमध्ये मला फरक जाणवला नाही. वळणातून बाहेर पडताना मागची बाजू किंचित उशिरा सावरते असे वाटले, तेही आपण शोधत असल्यामुळे. रिकाम्या झालेल्या डिकीत सामान भरल्यावर मात्र फरक कळतो. पण तो दोष सामानाचा, आणि म्हणून जड हत्यारांची पेटी मी आता डिकीत न ठेवता सोबत्याच्या पायाशी ठेवतो. सोबत्याची त्यावर वेगळी मते आहेत.

पुण्याच्या प्रवासात ऐरोली, महापे, शीळफाटा, पनवेल आणि पुढे जुन्या महामार्गाने खंडाळ्याचा घाट असा रस्ता घेतला. पनवेलला थांबून चाकाचे नट आणि कानांचे बोल्ट तपासले. नव्या जोडणीत रबर आणि रंग थोडे दबतात, त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरनंतर बोल्ट पाव फेरा घेतात. ते तिथे घेतले आणि त्यानंतर घेतले नाहीत. पेट्रोल पंपावर पोराने नळी लावताना कॅरिअर आडवा आला नाही. चाकाला जुन्या पद्धतीचे कुलूप असलेला एक नट लावला आहे, कारण पिना कोणालाही काढता येतात, पण नुसता सांगाडा नेऊन कोणी काही करणार नाही. चाक न्यायचे असेल तर त्याला सांगाड्यासह 17 किलो उचलावे लागतील. मेळाव्यात गाडी मांडण्यापूर्वी दोन्ही पिना काढल्या, सांगाडा चाकासह उतरवून मेहुण्याच्या गाडीत ठेवला आणि मागे बंपरच्या आड कान तेवढे राहिले. परीक्षकांपैकी एकाने वाकून ते पाहिले, बोल्ट मूळ जागीच आहेत ना असे विचारले आणि कागदावर काही न लिहिता पुढे गेले.

कानांच्या उघड्या भोकांत पावसाचे पाणी आणि चिखल जाऊ नये म्हणून पुण्याहून आल्यावर त्यांना रबरी बुचे केली. सांगाडा आता बाल्कनीत भिंतीला टांगलेला असतो. ट्रायम्फ हेराल्ड असलेल्या एका परिचितांनी मिस्त्रींकडून असाच कॅरिअर करून मागितला आहे. त्यांच्या बंपरची रचना निराळी असल्यामुळे माझी फळी त्यांच्या उपयोगाची नाही, पण पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन झाकणाची कमान आधी काढून आणा, एवढे मिस्त्रींनी त्यांना आपणहून सांगितले आहे.